आई-वडिलांना क्रूझवर न्यायचंय, केबिन कुठली घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परभणीहून तुम्ही सहा जण निघणार आहात. तुम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि तुमचे आई-वडील. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत म्हणून मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ ठरवलीय. एजंट म्हणतोय की सगळ्यात वरच्या डेकवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला बाल्कनीच्या दोन केबिन मिळतायत, लगेच पैसे भरा. तुम्हाला प्रश्न पडलाय की बाल्कनीवर एवढे पैसे घालावेत, की बिनखिडकीच्या आतल्या केबिनमध्ये भागून जाईल.

पण मधेच तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात. आईचे गुडघे दुखतात, एसटीला घाट लागला की तिला उलटी होते, आणि वडील रात्री तीन-चार वेळा उठतात. माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीवर व्हायला हवा. केबिनचा प्रकार कोणता हे नंतर बघू. आधी बघायचं ते हे, की तुमच्या सहा जणांत ज्याला सगळ्यात जास्त जपायचंय त्याची केबिन जहाजात नेमकी कुठं येते.

मी मूळ जालन्याचा. अकरा वर्षं क्रूझ जहाजांवर हाउसकीपिंगमध्ये काढली. सुरुवातीला केबिन स्टुअर्ड होतो, म्हणजे पंधरा-सोळा केबिन माझ्याकडे, सकाळ-संध्याकाळ त्याच आवरायच्या. नंतर सुपरवायझर झालो. गेली नऊ वर्षं संभाजीनगरला राहून लोकांची बुकिंगं करतो, त्यात बहुतेक आपल्याच भागातली कुटुंबं असतात, आणि बहुतेकांची पहिलीच समुद्रयात्रा असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट हालचालीची. माळेगावच्या जत्रेत तो मोठा होडीचा झोका असतो ना, त्यात टोकाला बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि मधल्या बाकावरचा माणूस निवांत शेंगा खात असतो. होडी एकच, झोका एकच. जहाजाचंही अगदी तसंच आहे. समोरून लाट आली की पुढचं टोक वर जातं, मग खाली येतं, आणि मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. बाजूने लाट आली तर जहाज डावी-उजवीकडे कलतं, आणि तेव्हा जितकं उंचावर असाल तितका झोका मोठा. म्हणजे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ही ज्याला घाटात उलटी होते त्याच्यासाठी अख्ख्या जहाजातली सगळ्यात वाईट जागा, आणि एजंटने तुम्हाला नेमकी तीच सुचवलीय. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. तिथून नजारा सुंदर दिसतो हे खरंच आहे. त्याला तुमच्या आईंचा घाट माहीत नाही, एवढंच.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. वारा सुटलेल्या रात्री पुढच्या वरच्या केबिनमध्ये गेलं की कपाटातून टक टक आवाज येत असायचा. रिकामे हँगर एकमेकांवर आपटायचे. पाहुणे घाबरून फोन करायचे आणि आम्ही जाऊन हँगरांमध्ये हातपुसणी गुंडाळून यायचो. त्याच रात्री, त्याच तासाला, मधल्या केबिनमध्ये टेबलावरच्या ग्लासातलं पाणी जेमतेम हलत असायचं. आम्हा कर्मचाऱ्यांच्या केबिन तर पाण्याच्या पातळीच्या खाली, दोघांत एक, एकावर एक बंक, खिडकीचा पत्ता नाही. पण झोप तिथंच शांत लागायची. वर जिन्याच्या कठड्याला उलटीच्या कागदी पिशव्या अडकवून ठेवल्यात आणि खाली आमची पोरं घोरतायत, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

हल्लीच्या जहाजांना पोटाच्या दोन्ही बाजूंनी माशाच्या परांसारखे पंख असतात. ते डावी-उजवीकडचं कलणं बरंच आवरतात. पुढचं टोक वर-खाली होतं ते मात्र त्यांनी थांबत नाही. त्यामुळे "आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, काही होत नाही" असं कुणी म्हणालं तरी पुढच्या टोकाची केबिन आईंसाठी नकोच.

समुद्र किती हलेल हे महिन्यावरही असतं. आई-वडिलांचं लग्न मे महिन्यातलं, म्हणून तुम्ही मे धरलाय. मुलांची सुट्टीही तेव्हाच. पण मे सरत आला की अरबी समुद्र फुगायला लागतो, आणि चक्रीवादळं बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर नाहीतर पावसाळा संपल्यावर येतात. २०२१ चं तौक्ते मेच्या मध्यावर आलं होतं. दरवर्षी असं होतं असं नाही, पण माझे स्वतःचे आई-वडील असते तर मी नाताळच्या सुट्टीत किंवा जानेवारीत नेलं असतं. समुद्र तेव्हा बहुधा शांत असतो. लग्नाच्या तारखेला घरी गोडधोड करा, सगळ्या नातलगांना बोलवा, आणि क्रूझ थंडीत करा. मेच पक्का असेल तर निदान पहिल्या पंधरवड्यातली तारीख बघा, आणि मग केबिन मधली, खालच्या डेकची, यात अजिबात तडजोड करू नका.

आता आवाजाचं. याबद्दल बुकिंग करताना कुणी बोलत नाही, आणि हाउसकीपिंगला तक्रारी मात्र सगळ्यात जास्त याच्याच येतात. केबिनच्या डोक्यावर काय आहे हे बघितल्याशिवाय नंबर पक्का करायचा नाही. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे पाच-साडेपाचला डेकवाले खुर्च्या ओढतात, पाणी मारतात, घासतात. खाली झोपलेल्या माणसाला वाटतं वरच्या घरात कुणी कपाट सरकवतंय. वर बुफेचं स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांची चाकं रात्रभर. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री एक-दीडपर्यंत ढोलासारखा ठोका पलंगातून जाणवत राहतो. पुढच्या बाजूला अगदी खालच्या केबिनमध्ये वेगळाच त्रास. बंदराला लागताना जहाज बाजूला सरकवायचे पंखे चालू होतात, त्यांची घरघर तिथं ऐकू येते, आणि नांगर टाकताना साखळीचा खडखडाट. लक्षद्वीपला नांगर पडणारच. अगदी मागे आणि खाली असाल तर इंजिनाची थरथर.

म्हणून साधा नियम धरा की वर केबिन, खाली केबिन आणि मधे आपण. तिन्ही मजल्यांवर माणसं झोपलेली असली की शांतता मिळते.

हे तपासायचं कसं? जहाज कंपनीच्या साइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो, त्याला डेक प्लॅन म्हणतात. तुमच्या केबिनचा मजला, त्याच्या वरचा आणि खालचा असे तीन मजले एकाच मापात छापून घ्या. तिन्ही कागद एकावर एक ठेवा, जिन्याच्या खुणा जुळवा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. केबिनच्या चौकोनावर काय येतंय ते लगेच दिसतं. मी आजही दुकानात असंच करतो. तुमच्या मुलीला हे काम द्या, चौदा वर्षांच्या पोरीला ते पाच मिनिटांत जमेल. आणि एक खूण लक्षात ठेवा. प्लॅनवर केबिनच्या रांगेत मधेच एखादी पांढरी, काहीच न लिहिलेली जागा दिसते. ती रिकामी नसते. तिथं आमची पँट्री असते, चादरी-टॉवेलांची खोली असते किंवा नोकरांची लिफ्ट असते. सकाळी सहापासून दार उघडतंय, बंद होतंय, बर्फाच्या बादल्या, ट्रॉल्या. त्या पांढऱ्या चौकोनाशेजारची केबिन टाळा.

लिफ्टबद्दल. गुडघ्यांसाठी लिफ्टजवळची केबिन हवीच. जहाजं लांबलचक असतात. मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जुनं, मध्यम आकाराचं जहाज, तरी २११ मीटर लांब आहे. टोकाच्या केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत दिवसातून तीन वेळा जाऊन-येऊन केलं की परभणी स्टेशनचा प्लॅटफॉर्म कितीदा तरी तुडवल्यासारखं होतं, तेही अरुंद बोळातून, एका हाताने कठडा धरून. पण लिफ्टला अगदी लागून घेतलीत तर रात्री लोक तिथं उभं राहून गप्पा मारतात. लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून आत, ही मला सगळ्यात बरी वाटणारी जागा. आणि शेजारच्या केबिनला आतून जोडणारं दार असेल, तर ते आपल्याच माणसांच्या केबिनला जोडलेलं असावं. ते दार पातळ असतं, पलीकडचं खोकणंसुद्धा ऐकू येतं.

आता केबिनच्या आत येऊ. एम्प्रेस हे १९९० सालचं जहाज आहे. कॉर्डेलियाने २०२१ च्या सप्टेंबरपासून ते आपल्या किनाऱ्यावर चालवायला घेतलं. त्या काळात जहाजांना बाल्कन्या कमी असायच्या, त्यामुळे तिथं बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत, आणि साध्या केबिन लहान आहेत. बाथरूम धरून आपल्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीएवढी जागा समजा. त्यात पलंग, कपाट, छोटं टेबल. चार बॅगा उघडून ठेवल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, म्हणून लोहचुंबकाचे हुक नेले तर ते भिंतीला चिकटतात. टोप्या, पिशव्या, आजोबांची काठी सगळं अडकवता येतं. किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. आगीच्या भीतीने बोर्डिंगलाच काढून ठेवतात.

तिसरा-चौथा माणूस असला की भिंतीतून किंवा छतातून वरचे बंक खाली ओढतात, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे, आणि त्याला शिडी लावतात. मुलांना ते फार आवडतं. पण ती शिडी नेमकी चालायच्या वाटेत येते, आणि बंक उघडला की खाली झोपलेल्याला ताठ बसता येत नाही. तुमचे वडील रात्री तीन-चार वेळा उठतात. म्हणून पैसे वाचवायला नातीला आजी-आजोबांच्या केबिनमध्ये घालू नका. त्या केबिनमध्ये दोघंच असावीत.

बाथरूमचा उंबरठा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जहाज हललं तरी आतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथं उंबरठा केलेला असतो. कुठं चार बोटं, कुठं वीतभर. घरी आयुष्यभर सपाट फरशीवरून जायची सवय, त्यात अर्धवट झोप, अंधार आणि हलणारी जमीन. माझ्या अकरा वर्षांत वयस्कर पाहुणे पडल्याचं मी ज्या एका जागी सगळ्यात जास्त पाहिलं, ती हीच. पहिल्या दिवशी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या आई-वडिलांना हात धरून तो उंबरठा चार वेळा ओलांडायला लावा. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून द्या, उतरताना काढून टाका. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार चार बोटं उघडं ठेवायचं. सेलवर चालणारा छोटा दिवा नेलात तर उत्तमच.

आई वॉकर किंवा व्हीलचेअर वापरत असतील तर वेगळ्या केबिन असतात. दार रुंद, उंबरठा नाही, अंघोळीच्या जागी आधाराचे दांडे आणि बसायची सोय. त्या फार थोड्या असतात आणि लवकर जातात, म्हणून आत्ताच विचारा. नुसते गुडघे दुखत असतील आणि त्या आधाराशिवाय चालत असतील तर ती केबिन ज्याला खरंच लागते त्याच्यासाठी राहू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. बाल्कनी घ्यावी का? आतल्या केबिनची दुप्पट, निदान दीडपट किंमत पडते असा माझा अनुभव. जी माणसं सकाळी बाहेर पडून फक्त झोपायला येतात त्यांनी ते पैसे घालू नयेत. तुमची मुलं दिवसभर डेकवर, तलावात, खेळांच्या खोलीत असतील. त्यांना खिडकी आहे की नाही याचा फरक पडणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला तर मी मुद्दाम बाल्कनीपासून लांब ठेवीन. खुर्ची कठड्याला लावून त्यावर चढणारी मुलं मी पाहिलीत, आठवलं तरी अंगावर काटा येतो.

पण आई-वडिलांचं गणित वेगळं, आणि त्याचं कारण लक्षद्वीप आहे. तिथं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. जहाजातून त्या बोटीत उतरताना बोट खाली-वर होत असते. दोन माणसं हात धरतात, पण पाऊल आपलं आपल्यालाच टाकावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते जड जातं, आणि लाट जरा जास्त असली की आई आपणहूनच म्हणतील, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथंच." मग तो अख्खा दिवस त्या केबिनमध्ये असणार, आणि बहुतेक वडीलही त्यांच्यासोबत. बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवसभर बसणं म्हणजे दिवा लावून कोठीच्या खोलीत बसणं. तिथं दिवस-रात्र कळत नाही. वयस्कर माणसं पहाटे तीनला उठून अंघोळ करून बसलेली मी पाहिलीत, सकाळ झाली असं वाटून. दुसरं म्हणजे मळमळणाऱ्या माणसाला लांबची क्षितिजाची रेघ दिसली की बरं वाटतं. एसटीत आपण खिडकीशी बसवतो ते त्यासाठीच.

म्हणून आई-वडिलांना निदान खिडकी हवी. बाल्कनी परवडत असेल तर बाल्कनी. पण मधली खिडकी आणि पुढच्या टोकाची बाल्कनी यांत निवडायची वेळ आली तर डोळे झाकून मधली खिडकी घ्या. घेताना विचारा की खिडकीसमोर लाइफबोट तर टांगलेली नाही ना. जहाजाच्या मधल्या उंचीच्या डेकवर हे हमखास होतं. पैसे समुद्राचे द्यायचे आणि दिवसभर केशरी बोटीचं पोट बघत बसायचं.

चार-पाच वर्षांपूर्वी लातूरकडच्या एका आजींना बाल्कनीची केबिन दिली होती. मुलगा पैशांमुळे कां-कूं करत होता, मीच आग्रह केला. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा घागर घेऊन टँकरपुढे उभं राहिलेल्या या बाई. परत आल्यावर मुलाने सांगितलं की आई चहा सुद्धा बाहेर बाल्कनीतच मागवायची. तीन दिवस ती खुर्ची सोडली नाही. तिने तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. पहिल्या दिवशी बराच वेळ ती गप्प होती, मग म्हणाली, "इतकं पाणी हाय, अन् प्यायला एक थेंब न्हाई." मग मुलाने तिला सांगितलं की जहाजावर याच समुद्राचं मीठ काढून वापरायचं पाणी करतात. तिने ते पुढे घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं म्हणे. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईंनी समुद्र नीट पाहिलेलाच नाही. म्हणून एवढं लिहिलं.

तर मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. आई-वडिलांना जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या किंवा मधल्या डेकवर, लिफ्टपासून चार-पाच दारांवर बाल्कनी नाहीतर खिडकीची केबिन. तुम्हा चौघांना त्याच बोळात, शक्यतो समोरच, आतल्या दोन केबिन, एकीत तुम्ही आणि मुलगी, दुसरीत तुमचे मिस्टर आणि मुलगा. चौघं एका केबिनमध्ये मावतीलही, तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडंही कमी पडतं, आणि कधी कधी फरक बराच निघतो. तो आकडा एजंटकडून काढून घ्या. पण चौदा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला जागा हवी, आणि सहा जणांना अंघोळीला दोनाऐवजी तीन बाथरूम मिळतात हेही धरा. वरच्या डेकच्या दोन बाल्कन्यांपेक्षा हे तिन्ही मिळून बहुधा स्वस्तच पडेल.

उजवी बाजू की डावी, असंही विचारलंय. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना किनारा डावीकडे राहतो, पण जहाज बरंच आत असल्याने काही दिसत नाही. सूर्यास्त जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. दुपारनंतरचं ऊनही त्याच बाजूला. म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे, फिटंफाट. निघताना गेटवे आणि कुलाब्याचे दिवे उजवीकडून जातात, तेवढ्यापुरतं सगळ्यांनी उघड्या डेकवर यायचं. यासाठी जादा पैसे देऊ नका.

"गॅरंटी" नावाचा प्रकार एजंट सांगेल. स्वस्त असतो, प्रकार ठरलेला, पण नंबर कंपनी शेवटी देते. दोन तरुण माणसं असतील तर खुशाल घ्या. तुमच्यासारख्या कुटुंबाने घेऊ नये. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला पैसे वाचतील म्हणून गॅरंटी दिली. आजी-आजोबा तिसऱ्या डेकवर पुढे, मुलगा-सून आठव्यावर मागे. रात्री आजोबांचं डोकं गरगरलं, आजी मुलाला शोधायला बाहेर पडल्या आणि सगळे बोळ सारखेच दिसतात म्हणून अर्धा तास भटकत राहिल्या. फोन कसा लावायचा हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. ते माझं काम होतं. तेव्हापासून वयस्कर माणसं असली की नंबर हातात आल्याशिवाय मी पैसे भरत नाही, आणि केबिनमधल्या फोनवर मुलाच्या केबिनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवायला सांगतो.

उलटीच्या गोळीबद्दल. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्याव्या लागतात, सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. पण त्याने झोप येते, आणि सत्तरीच्या माणसाला झोपेत तो उंबरठा ओलांडायचा आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. आलेपाक आणि सुका खाऊ न्यायला हरकत आहे का ते कंपनीला विचारून घ्या, घरचं शिजवलेलं बहुतेक जहाजांवर आत नेऊ देत नाहीत. पोट अगदी रिकामं ठेवू नका, तेही बाधतं.

आणि केबिनशी संबंध नाही, तरी सांगतो. देवगिरी किंवा नंदीग्रामने त्याच सकाळी मुंबईत उतरून जहाज गाठायचा बेत करू नका. गाडी चार तास लेट झाली तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी जा. जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का सीएसएमटीपासून जवळच आहे, त्या भागात एक रात्र काढा. आईंचे गुडघेही जरा मोकळे होतील.

एजंटला उद्या फोन करून एवढंच विचारा: केबिनचे नेमके नंबर काय, वरच्या आणि खालच्या डेकला त्या जागी काय आहे, खिडकीसमोर बोट आहे का, बाथरूमचा उंबरठा किती, आणि सांगितलेल्या भाड्यात बंदराचं शुल्क, जीएसटी आणि टिप धरली आहे का. शेवटच्या तिन्ही गोष्टी वेगळ्या लावल्या तर सहा माणसांचा आकडा चांगलाच फुगतो. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा.

बुकिंगच्या फॉर्मवर काही विशेष प्रसंग आहे का असा रकाना असतो. तिथं पन्नासावा लग्नाचा वाढदिवस असं जरूर लिहा. अशी नोंद दिसली की आम्ही स्टुअर्ड मंडळी मनापासून काहीतरी करायचो, टॉवेलचे दोन हंस तरी पलंगावर ठेवायचोच. त्याच फॉर्मवर पलंग जोडलेले हवेत की सुटे, तेही विचारतात. लोक वाढदिवस म्हणून जोडलेलेच लिहितात. लहान केबिनमध्ये पलंग जोडले की एक बाजू भिंतीला लागते आणि आतल्या माणसाला उठताना दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. वडील रात्री उठणार, आईंचे गुडघे दुखणार. सुटे लिहा, मधे वाट राहील. आईंना आधी विचारून घ्या मात्र.